शुल्काची अधिसूचना आणि बंदराचे गाव

डहाणू तालुक्यातील एका प्राध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये मंजुरी देताना केंद्र सरकारने त्यातून प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे १० लाख रोजगार निर्माण होऊ शकतील, असे सांगितले. दुसरीकडे, अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्याचे आम्ही २०२५ मध्ये वाचले. शुल्क मालावर लागते आणि ते व्यापारी भरतो. मग त्याचा परिणाम बंदरावर आणि बंदराभोवतीच्या गावांवर नेमका कोणत्या वाटेने होतो? न्हावा-शेव्याचा अनुभव काय सांगतो?"

मी गेली २६ वर्षे न्हावा-शेवा बंदरावर सीमाशुल्क दलाल, म्हणजे आमच्याकडे ज्याला सीएचए म्हणतात, ते काम करतो. निर्यातदाराचे शिपिंग बिल आणि आयातदाराचे बिल ऑफ एंट्री हे सीमाशुल्क विभागाकडचे अर्ज भरणे, माल तपासून घेणे, शुल्क भरून तो सोडवणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्यामुळे अर्थशास्त्रज्ञ या प्रश्नाकडे ज्या उंचीवरून पाहतात तेथून मी पाहू शकत नाही. परंतु अधिसूचना निघाल्यापासून बंदराजवळच्या करळ फाट्यावरच्या ट्रेलरची चाके थांबेपर्यंत मधे काय काय घडते, ते मी अनेकदा जवळून पाहिले आहे. तेच येथे सविस्तर मांडतो.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. न्हावा-शेवा सीमाशुल्क विभाग दरवर्षी हजारो कोटी रुपयांचे शुल्क गोळा करतो, म्हणून त्या शुल्कावर बंदर चालते किंवा उरण तालुक्याला त्यातून काही मिळते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. शुल्काचा सगळा पैसा भारताच्या संचित निधीत जातो, आणि त्यातील मूळ सीमाशुल्काचा ठरावीक भाग वित्त आयोगाच्या सूत्राने सर्व राज्यांत वाटला जातो. बंदराचे उत्पन्न निराळ्या मार्गाने येते. न्हावा-शेव्यात बंदर प्राधिकरण हे मुख्यतः जमीनमालक आहे; टर्मिनल खासगी कंपन्या चालवतात आणि त्या प्राधिकरणाला प्रत्येक पेटीमागे, म्हणजे कंटेनरमागे, स्वामित्व शुल्क किंवा उत्पन्नातील वाटा देतात. टर्मिनलची हाताळणी आकारणी पेटीच्या आकारावर आणि प्रकारावर ठरते, आतल्या मालाच्या किमतीवर नाही. पेटीत ५ कोटींचे मोबाइलचे सुटे भाग असोत किंवा ५ लाखांच्या फरशा असोत, क्रेन ती एकाच दराने उचलते. म्हणून शुल्काने माल महाग झाला, पण पेट्यांची संख्या तेवढीच राहिली, तर बंदराला त्याचे फारसे काही वाटत नाही. पेट्या कमी झाल्या, किंवा एका महिन्यात दुप्पट येऊन पुढच्या महिन्यात आटल्या, तर मात्र वाटते.

गावाचे गणित याहूनही वेगळे आहे, आणि माझ्या उत्तराचा गाभा तेथेच आहे. बंदराभोवतीच्या गावाला रोजगार मिळतो तो पेटी जिथे उघडते तिथे. पुण्याच्या कारखान्यात भरून, सील होऊन आलेली पेटी जासई-करळवरून थेट टर्मिनलच्या दारात जाते; गावाला तिच्याकडून फार तर ट्रेलरचे भाडे, डिझेल आणि चालकाचा चहा मिळतो. तीच पेटी द्रोणागिरी, भेंडखळ किंवा खोपट्याच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर मालस्थानकात, भरली किंवा रिकामी केली गेली, तर हमाल, फोर्कलिफ्टवाला, सुतार, धुरी देणारा, वजनकाटा, सर्वेक्षक, पोती शिवणारा, पहारेकरी आणि त्या सगळ्यांना जेवण देणारी खानावळ असे दहा-पंधरा हात त्या पेटीला लागतात. कोणत्या मालावर शुल्क लागले आणि तो माल बंदराजवळ उघडतो की दूरच्या कारखान्यात, यावर गावाचे नुकसान ठरते. बंदराच्या एकूण पेट्यांच्या आकड्यात हे दिसत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कांद्याचे आहे. १९ ऑगस्ट २०२३ हा शनिवार होता. त्या दिवशी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि ते तत्काळ लागू केले. येथे कायद्यातील एक बारकावा समजून घेणे आवश्यक आहे, कारण सगळी पडझड त्याभोवती झाली. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १६ नुसार निर्यात मालाला कोणता दर लागेल, हे सौदा केव्हा झाला, माल शेतातून केव्हा निघाला किंवा शिपिंग बिल केव्हा भरले यावर ठरत नाही. अधिकारी माल जहाजावर चढवण्यास परवानगी देतो, म्हणजे आमच्या भाषेत 'एलईओ' देतो, त्या तारखेचा दर लागू होतो. म्हणजे लासलगावात किंवा पिंपळगावात गेल्या आठवड्यात खरेदी झालेला, कोलंबोच्या खरेदीदाराला ठरलेल्या भावाने विकलेला, बंदराच्या आवारात येऊन उभा असलेला कांदासुद्धा एलईओ हाती नसेल तर नव्या दराखाली आला.

त्या शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे नाशिक जिल्ह्यातील एका छोट्या निर्यातदाराच्या दोन रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, पेट्या होत्या. कागद तयार होते, तपासणी सोमवारी व्हायची होती. हिशेब किती सोपा आणि किती क्रूर असतो ते पाहा. ४० फुटी पेटीत साधारण २८ टन कांदा बसतो. किलोला २५ रुपये धरले तर माल ७ लाखांचा होतो आणि ४० टक्के म्हणजे २ लाख ८० हजार रुपये शुल्क होते. या धंद्यात निर्यातदाराला किलोमागे रुपया-दीड रुपया सुटतो, म्हणजे एका पेटीत २८ ते ४२ हजार. सात ते दहा पेट्यांचा नफा एका पेटीच्या शुल्कात गेला. खरेदीदाराने वाढीव भाव द्यायला नकार दिला. पेटी तशीच ठेवली तर रीफरच्या विजेचे, जागेचे आणि ठरलेली मुदत संपल्यावर शिपिंग कंपनीच्या डिटेन्शनचे, म्हणजे पेटी अडकवून ठेवल्याच्या आकारणीचे, मीटर चालू होते. पेटी परत घ्यायची तर ज्याला आम्ही 'बॅक टू टाउन' म्हणतो ती परवानगी, परतीचे भाडे आणि उन्हाळी कांद्याला मोड येण्याची भीती. त्या निर्यातदाराने एक पेटी शुल्क भरून पाठवली आणि दुसरी परत घेतली. ती बंदराजवळच्या एका गोदामात उघडली तेव्हा मी तेथे होतो. दारातून ऊन, दमट, उग्र वास आला. खालच्या थरातल्या जाळीदार पोत्यांतून पाणी ठिबकत होते. आसपासच्या गावांतून आलेल्या आठ-दहा बायका जमिनीवर बसून सडका, मोडाचा आणि चांगला कांदा वेगळा करत होत्या. त्यातील एकीने मला विचारले, "साहेब, पुढच्या आठवड्याला गाड्या येतील ना?" मला उत्तर देता आले नाही.

सोमवारी, २१ ऑगस्टला, नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले. दुसऱ्या दिवशी केंद्राने नाफेडमार्फत २ लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलने घेण्याची घोषणा केली. पुढचा घटनाक्रम असा : ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण निर्यातबंदी, ४ मे २०२४ रोजी बंदी उठवून ५५० डॉलर किमान मूल्य आणि पुन्हा ४० टक्के शुल्क, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द आणि शुल्क २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. मे २०२४ मध्ये "निर्यात खुली झाली" अशी बातमी आली तेव्हा अनेकांनी मला अभिनंदनाचे फोन केले. ५५० डॉलरवर ४० टक्के चढवले की परदेशी खरेदीदाराला टन किमान ७७० डॉलरला पडतो, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने किलोला ६४ रुपयांच्या आसपास, आणि त्यावर जहाजभाडे वेगळे. त्या भावाला पाकिस्तान आणि इजिप्तचा कांदा समोर असताना आपला कांदा कोण घेणार? कागदावर दार उघडे होते, पण पेट्या फारशा हलल्या नाहीत.

आता बंदराचा आकडा पाहा. न्हावा-शेव्याने २०२२-२३ मध्ये सुमारे ६०.५ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी पेट्यांच्या मापाने तेवढी, हाताळणी केली होती. कांद्याचे शुल्क आणि बंदी ज्या वर्षात आली त्या २०२३-२४ मध्ये ती ६४.३ लाखांवर गेली आणि तो त्या वेळचा उच्चांक होता. २०२४-२५ मध्ये ती ७३ लाखांवर पोहोचली. म्हणजे बंदर विक्रम करत होते आणि त्याच काळात कांद्यावर पोट असलेली रीफर यार्डे, निवडीची गोदामे आणि नाशिक-उरण फेऱ्यांवर चालणारे ट्रेलर रिकामे होते. यात बंदराच्या प्रशासनाने काही लपवले असे मुळीच नाही. इतर माल वाढला हे खरेच आहे. परंतु एकूण आकडा हा गावाच्या पोटाचा आकडा नव्हे, हे आपण डहाणूत बसून लक्षात ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निर्यात थांबल्यावर आणखी एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. रिकाम्या रीफर पेट्या शिपिंग कंपन्या आपल्या खर्चाने बंदरात आणून ठेवतात, कारण थंड पेटीतून येणारी आयात कमी आणि थंड पेटीतून जाणारी निर्यात जास्त. कांदा थांबला की कंपनी त्या पेट्या जेथे माल आहे तेथे हलवते, आणि तो तिच्या दृष्टीने योग्यच निर्णय असतो. शुल्क उतरल्याची अधिसूचना एका रात्रीत निघते. पेट्या परत यायला मात्र काही आठवडे जातात. त्या काळात द्राक्ष, डाळिंब किंवा मासळीच्या निर्यातदारालाही पेटी मिळत नाही किंवा चढ्या भाड्याने मिळते. म्हणजे कांद्यावरच्या शुल्काची झळ ज्याचा कांद्याशी संबंध नाही त्यालाही बसते. शिवाय दर वाढला किंवा बंदी आली की खोट्या नावाने माल पाठवणारे निघतात, मग सीमाशुल्क विभागाला भाजीपाल्याच्या प्रत्येक पेटीकडे संशयाने पाहावे लागते, आणि प्रामाणिक निर्यातदाराची भेंडीसुद्धा तपासणीच्या रांगेत एक दिवस जास्त उभी राहते.

जे अचानक घाव घालत नाही, ज्याची तारीख आधीच जाहीर होते, अशा शुल्काचे वर्तन अगदी वेगळे असते. मार्च २०२१ मध्ये सरकारने सांगून टाकले होते की १ एप्रिल २०२२ पासून सौर पॅनेलवर ४० टक्के आणि सौर सेलवर २५ टक्के मूळ सीमाशुल्क लागेल. वर्षभराची सूचना मिळाल्यावर आयातदारांनी जे करायचे तेच केले : ३१ मार्चपूर्वी जेवढे आणता येईल तेवढे आणले. आयातीत दर ठरतो तो बिल ऑफ एंट्री सादर केल्याच्या तारखेला, आणि बिल आधीच भरलेले असेल तर जहाजाला आगमनाची परवानगी मिळाल्याच्या तारखेला. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मालापेक्षा जहाजांच्या वेळापत्रकावरच जास्त नजर ठेवून होतो. एक दिवस उशीर म्हणजे ४० टक्के. यार्डे भरली, ट्रेलरचे भाडे चढले, सीएफएसने जादा माणसे घेतली. जासईच्या बाजूचा, प्रकल्पग्रस्त कुटुंबातला एक तरुण त्या गर्दीत दुसरा ट्रेलर कर्जावर घेऊन मोकळा झाला. एप्रिलमध्ये ती लाट ओसरली, हप्ता मात्र पाच वर्षांचा होता. मार्चची धावपळ ही पुढच्या महिन्यांतून उसनी आणलेली होती, हे त्याला कोणी सांगितले नाही. मीही सांगितले नाही, आणि त्याची मला आजही रुखरुख आहे.

हाच प्रकार याहून फार मोठ्या प्रमाणात २०२५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसला. एप्रिलमध्ये चिनी मालावरचे अमेरिकी शुल्क वाढत वाढत १४५ टक्क्यांवर गेले आणि मे महिन्यात लॉस एंजेलिस बंदराची हाताळणी सुमारे ७.१७ लाख टीईयूपर्यंत घसरली. मेच्या मध्यात ९० दिवसांसाठी दर उतरल्यावर सगळ्यांनी एकदम माल मागवला आणि जुलैमध्ये त्याच बंदराने १०.२ लाखांचा, त्याच्या इतिहासातला सर्वाधिक मासिक आकडा गाठला. दोन महिन्यांत एवढा फरक. वर्षाची सरासरी काढली तर काही झालेच नाही असे वाटेल. परंतु तेथील गोदी कामगारांतही नोंदणीकृत कामगारांना काम आधी मिळते आणि 'कॅज्युअल' म्हणून रोजावर येणाऱ्यांना उरलेले मिळते. मे महिन्याचा खाडा त्याच लोकांच्या वाट्याला येतो. उरणच्या सीएफएसमध्ये ठेकेदारामार्फत येणारा मजूर आणि तो कॅज्युअल कामगार यांची भाषा वेगळी असेल, स्थिती एकच आहे.

आता अमेरिकेने भारतावर लावलेल्या शुल्काबद्दल. ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के असे ते ५० टक्के झाले. पुढे दरांची बोलणी होत राहिली, तो विषय वेगळा आहे. मला येथे सांगायचे आहे ते सवलतीच्या कलमाबद्दल. दुसऱ्या टप्प्यात अशी तरतूद होती की २७ ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरपूर्वी अमेरिकेत सोडवून घेतलेला माल वाढीव शुल्कातून वगळला जाईल. वाचताना ही तरतूद उदार वाटते. परंतु तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बहुतेक मोठी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात होती, आणि न्हावा-शेव्याहून न्यूयॉर्कच्या बाजूला पोहोचायला महिन्याहून अधिक वेळ लागत होता. आदेश निघाला ६ ऑगस्टला. त्यानंतर आठवडाभराने जहाजावर चढलेली पेटीसुद्धा १७ सप्टेंबरपूर्वी तेथे पोहोचणे जवळपास अशक्य होते. तरीही अनेक कारखानदारांनी २७ तारखेच्या आशेने रात्रंदिवस माल भरला, कारण बातमीत एकच तारीख ठळक छापली होती. मी माझ्या ग्राहकांना दोन्ही तारखा आणि जहाजाचे दिवस कागदावर लिहून दाखवले, काहींनी ऐकले.

या शुल्काचा उरणवर परिणाम कांद्याएवढा दिसला नाही, आणि त्याचे कारण वर सांगितलेच आहे. अमेरिकेला जाणारे टॉवेल, चादरी, तयार कपडे, यंत्रांचे सुटे भाग हे बहुतांशी कारखान्यातच पेटीबंद होऊन येतात. त्यांची झळ प्रथम सोलापूरसारख्या ठिकाणच्या मागाला लागते, मग रंगकाम करणाऱ्याला, मग तेथील खानावळीला. बंदरावर फक्त एवढेच दिसते की अमुक सेवेच्या जहाजाला या आठवड्यात पेट्या कमी आल्या. पुढे जहाज कंपनीने ती सेवा कमी केली किंवा एखादी फेरी गाळली, तर मात्र त्याच जहाजाने जाणाऱ्या इतर मालालाही जागा मिळत नाही आणि तोटा सर्वांत वाटला जातो. कोळंबीच्या बाबतीत हेच आंध्रच्या किनाऱ्यावर घडले, कारण भारतीय कोळंबीची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकाच आहे आणि तिच्या निवडणी-सोलणीचे कारखाने किनाऱ्याजवळच असतात. तेथे शुल्काचा घाव थेट त्या कारखान्यांतील बायकांच्या रोजावर पडतो.

पेटीबाहेरच्या मालाचे एक उदाहरण दिल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. आंध्रच्या काकीनाडा बंदरात तांदळाची पोती बार्जवर चढवून समुद्रात नांगरलेल्या जहाजापर्यंत नेली जातात. माणसाच्या पाठीवर चालणारे हे काम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पांढऱ्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क, जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्यातीवर बंदी आणि ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क आले. जेथे एका जहाजाला शेकडो हमाल लागतात तेथे दोन जहाजे कमी आली तरी शहराच्या बाजाराला कळते. देशात तांदूळ महागू नये हा सरकारचा हेतू मी नाकारत नाही. कांद्यातही ग्राहकाचा विचार होताच. माझे म्हणणे इतकेच की ग्राहकाला मिळालेल्या दिलाशाची किंमत कोण मोजतो, हे त्या हिशेबात कोठेच लिहिलेले नसते.

गोव्याचा दाखला या चर्चेत नेहमी येतो, आणि तो जपून वापरला पाहिजे. एके काळी गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात होत होते. मांडवी आणि जुवारीतून बार्ज मुरगावकडे अखंड चालत. केंद्राने डिसेंबर २०११ मध्ये निर्यात शुल्क २० वरून ३० टक्के केले आणि मे २०२२ मध्ये ते ५० टक्क्यांवर नेऊन नोव्हेंबरमध्ये बहुतांशी मागे घेतले. म्हणून शुल्काने गोव्याचा खाणधंदा बुडवला, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. बार्ज थांबले ते २०१२ मध्ये खाणकामच बंद झाल्यामुळे, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यामुळे. त्यामागे बेकायदा खाणकामाची कारणे होती. २०२२ च्या शुल्काने एवढेच केले की साठ्यात पडलेल्या, लिलावातून उचललेल्या कमी प्रतीच्या खनिजाला, ज्याला देशातील पोलाद कारखान्यांत फारसे गिऱ्हाईक नाही, परदेशचे दारही सहा महिने बंद राहिले. कारण वेगवेगळे असताना सगळे शुल्कावर ढकलले तर उपायही चुकीचा सुचतो. उरणमध्येही सीएफएसमधले काम घटण्यामागे शुल्काइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, थेट बंदरातून माल उचलण्याची २०१६ पासून वाढत गेलेली पद्धत आहे. ती पद्धत आयातदाराच्या फायद्याची आहे आणि मी स्वतः ती ग्राहकांना सुचवतो. तिच्यामुळे गावातले काम कमी झाले, हेही मी मान्य करतो.

दर कमी झाल्यावर बंदराला लाभ होतो का? होतो, पण तो सावकाश येतो. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू झाला. त्या कराराखालचे, माल भारतात तयार झाल्याचे प्रमाणपत्र घेऊन जाणाऱ्या पेट्या आम्हाला हळूहळू, वर्ष-दीड वर्षात वाढताना दिसल्या. नवा खरेदीदार शोधणे, नमुने पाठवणे, विश्वास बसणे याला वेळ लागतो. उलट दर उतरणार अशी नुसती कुणकुण लागली की आयातच थांबते. खाद्यतेलात आम्ही हे नेहमी पाहतो : आयातदार तेल शुल्क न भरता बाँडेड टाक्यांत ठेवतात, कारण बाँडमधून काढण्याचे बिल ज्या दिवशी भरले जाईल त्या दिवसाचा दर लागतो. मग टाक्या भरलेल्या, टँकर मात्र रांगेत उभे. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलांवरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्के झाल्यावर ते टँकर एकदम हलू लागतात. चालकाच्या दृष्टीने पंधरा दिवस बिनकामाचे आणि आठ दिवस बिनझोपेचे.

आता आपल्या वाढवणकडे येतो. ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या त्या बंदराची नियोजित क्षमता २३२ लाख टीईयू आहे, म्हणजे न्हावा-शेव्याच्या २०२४-२५ मधील प्रत्यक्ष हाताळणीच्या सुमारे तिप्पट. तेथील मच्छीमारांचे आणि बागायतदारांचे जे आक्षेप आहेत ते स्वतंत्र आणि गंभीर आहेत, या उत्तरात मी त्यात शिरत नाही. उरणच्या लोकांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला, पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पुढे आला. भूखंड, ट्रेलर आणि मजूर पुरवण्याचा ठेका, या तीन गोष्टींवर येथील प्रकल्पग्रस्तांची दुसरी पिढी उभी आहे, आणि शुल्काचा झटका या तिन्हींना बसतो, कारण तिन्ही कर्जावर किंवा महिन्याच्या भाड्यावर चालतात.

म्हणून आपल्या ग्रामसभेत विचारायचे प्रश्न मी असे सुचवेन. एकूण किती पेट्या येणार याऐवजी, बंदरापासून २० किलोमीटरच्या आत किती पेट्या उघडल्या जाणार, हे विचारा. कोणत्या मालाच्या? तो माल जर डाळ, कांदा, तांदूळ, साखर, खाद्यतेल यांसारखा असेल, ज्यावर सरकार देशातील महागाई पाहून वारंवार शुल्क फिरवते, तर त्यावर उभारलेले गोदाम आणि त्यासाठी घेतलेले कर्ज वर्षातले सहा महिने बंद राहू शकते, हे गृहीत धरा. मजूर पुरवण्याच्या ठेक्यात किमान हजेरीची हमी मागा. न्हावा-शेव्यात ती सुरुवातीला कोणी मागितली नाही आणि नंतर कोणी दिली नाही. निर्यातदारांच्या संघटनांनी आणि शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी केंद्राकडे एका गोष्टीचा पाठपुरावा करावा : निर्यात शुल्क लावताना, अधिसूचनेपूर्वी ज्याचे शिपिंग बिल भरले गेले आहे आणि माल बंदराच्या किंवा सीएफएसच्या दारातून आत आला आहे त्याला जुना दर लागू करण्याची संक्रमण तरतूद त्याच अधिसूचनेत असावी. डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीत, सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात आधीच आलेल्या मालासाठी अशी सोय ठेवली होती. म्हणजे ती करता येते. ऑगस्ट २०२३ च्या शुल्कात ती असती तर त्या गोदामात बसलेल्या बायकांना सडका कांदा निवडावा लागला नसता.

आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ट्रेलर घेण्याच्या विचारात असेल, तर त्याला सांगा की गर्दीच्या महिन्याच्या भाड्यावर हप्ता ठरवू नये. मागील तीन वर्षांतला सर्वांत रिकामा महिना कोणता होता, त्या महिन्यात किती फेऱ्या झाल्या, हे जुन्या ट्रेलरमालकाच्या वहीत पाहावे आणि तेवढ्या फेऱ्यांत हप्ता, विमा, टायर आणि चालकाचा पगार निघत असेल तरच बँकेच्या कागदावर सही करावी. करळ फाट्यावर अशी वही दाखवायला तयार असलेले दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत. मुले येणार असतील तर मी त्यांना घेऊन जाईन.